बारा गावची चव, एक रस्ता

रमजानचा चाँद दिसला की मुंबईच्या महंमद अली रोडची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर झळकू लागतात. मिनारा मशिदीची रोषणाई, कढईत फुगणारा मालपुवा, निखाऱ्यांवर फिरणाऱ्या शिगा आणि खाली ठरलेली ओळ : 'मुघलाई पदार्थांची मेजवानी'. दरवर्षी छायाचित्र बदलते, ओळ बदलत नाही. या ओळीत दोन चुका आहेत. एक, या रस्त्यावर जे शिजते त्यातले फार थोडे मुघलांच्या मुदपाकखान्यातून आलेले आहे. दुसरी चूक मोठी आहे. 'मेजवानी' म्हटले की ऐसपैस घराचा मालक असलेला यजमान डोळ्यांपुढे येतो. इथे वाढणारे बहुतेक जण मात्र स्वतःच कधी ना कधी पोटासाठी या शहरात आलेले आहेत. कोणी दीडशे वर्षांपूर्वी आले, कोणी गेल्या महिन्यात.

दक्षिण मुंबईतला हा पट्टा म्हणजे पायधुणी, भेंडी बाजार, डोंगरी, नागपाडा, मदनपुरा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला तासभरसुद्धा लागत नाही. नावेच बघा. पायधुणी म्हणजे खाडीचे पाणी ओलांडून शहरात शिरताना पाय धुण्याची जागा. भेंडी बाजाराच्या नावाच्या दोन कथा सांगतात. क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा म्हणून साहेब 'बिहाइंड द बाजार' म्हणायचे, त्याचा भेंडी बाजार झाला, ही एक; आणि इथे भेंडीची झाडे होती, ही दुसरी. कथा कोणतीही खरी धरली तरी वस्तीचा स्वभाव पायधुणीच्या नावात आहे. येणाऱ्याने पाय धुवावेत आणि आत यावे. त्या आत आलेल्यांनी आपापल्या गावची चूल सोबत आणली. इथले खाणे म्हणजे त्या चुलींचा एकत्र धूर. शहराला तो धूर हवा आहे. चूल मांडायला जागा मात्र द्यायची नाही. खरे भांडण इथे आहे.

कोण कुठून आले

मेमन आले कच्छ-काठियावाडातून, 19व्या शतकाच्या पूर्वार्धात. दुष्काळ आणि व्यापार या दोन्ही गोष्टींनी त्यांना मुंबईकडे ढकलले. कापड, साखर, धान्य अशा व्यापारात त्यांचा जम बसला. मेमन मोहल्ला, झकेरिया मशीद ही त्यांच्या वस्तीची खूण. त्यांच्या घरात शिजणारा एक पदार्थ बाहेरच्याला चक्रावून टाकतो. शेवयांसारख्या लांब नूडल्स, वर नारळाच्या दुधातला रस्सा, त्यावर तळलेला लसूण-कांदा आणि लिंबू. नाव 'खावसे'. हा मूळचा ब्रह्मदेशाचा. रंगूनमध्ये मेमन आणि सुरती मुसलमानांच्या पेढ्या होत्या. 1942 साली जपानी फौजा रंगूनमध्ये शिरल्या, तेव्हा हजारो हिंदी कुटुंबे हाती लागेल ते घेऊन परत निघाली. उरलेली पुढे 1960च्या दशकात तिथल्या राष्ट्रीयीकरणाने परतली. पेढ्या बुडाल्या, घरे गेली, पण पदार्थ आला. सुरतेजवळच्या रांदेरला रमजानच्या बाजारात आजही खावसे आणि रंगूनी पराठा मिळतो. निर्वासित होऊन परतलेल्यांची आठवण इफ्तारच्या दस्तरखानावर अशी टिकली आहे.

दाऊदी बोहरा आले गुजरातेतून. त्यांचा 'थाळ' म्हणजे परातीएवढे मोठे ताट. भोवती सात-आठ जण बसणार, आधी चिमूटभर मीठ चाखणार, मग एकदा गोड आणि एकदा खारे अशी पाळी. 'मिठास' आणि 'खारास' हेच त्यांचे शब्द. डाळ-चावल-पलीदू, डब्बा गोश्त, मलीदा ही नावे मराठी वाचकाने फारशी ऐकलेली नसतात, कारण हे खाणे घरातले. बोहरी मोहल्ल्याने रस्त्याला दिले ते वेगळेच : बारा हंड्यांची 'बारा हंडी', म्हणजे पाये, नळी आणि असेच चिवट तुकडे वेगवेगळ्या हंड्यांत तासन्‌तास मंद आचेवर ठेवून केलेले रस्से. या प्रकाराच्या नावाला सुरत चिकटलेली आहे. त्याच मोहल्ल्यात लाकडी साच्यात बर्फ-मीठ घालून हाताने फिरवलेले आइस्क्रीम मिळते. ताज आइस्क्रीमचे हे दुकान 1887 पासूनचे आहे.

खोजाही कच्छ-काठियावाडचेच, पण त्यांच्या गलबतांनी झांझिबार आणि मोंबासा गाठले. नारळाच्या दुधातली कोंबडी, 'कुकू पाका', त्यांच्या घरी तिकडून आली. नावातला 'कुकू' हा स्वाहिली शब्द, अर्थ कोंबडी. डोंगरीतल्या एखाद्या जुन्या घरात हा पदार्थ शिजतो, तेव्हा तिथे अरबी समुद्राची अख्खी प्रदक्षिणा पूर्ण झालेली असते.

उत्तरेकडून विणकर आले. 1857 नंतरच्या धरपकडीत आणि पुढच्या दुष्काळांत आझमगड, मऊ, बनारस, अलाहाबाद या भागांतले मोमीन-अन्सारी दक्षिणेकडे निघाले. कोणी मालेगावात थांबले, कोणी भिवंडीत, कोणी थेट मुंबईच्या मदनपुऱ्यात. मालेगावचा माग, भिवंडीचा माग आणि मदनपुऱ्याचा माग एकाच प्रवासातले तीन मुक्काम आहेत. निहारीची चटक उत्तरेची. 'नहार' म्हणजे सकाळ. रात्रभर चुलीवर राहिलेले हे कालवण पहाटे खाऊन कामाला जायचे. हा कष्टकऱ्याचा नाश्ता. भेंडी बाजारात 1923 साली सुरू झालेले नूर मोहम्मदी नळी-निहारीसाठी ओळखले जाते. ज्या पदार्थाला आज 'शाही' म्हणून विकतात, तो हमालाला आणि विणकराला दुपारपर्यंत भूक लागू नये म्हणून केलेला आहे.

दक्षिणेतून मलबारचे मापिला मुसलमान आले. त्यांनी चहाची दुकाने काढली आणि पापुद्र्यांचा परोठा, माशाचा रस्सा मुंबईकर कामगाराच्या ताटात आणला. बुऱ्हाणपूर तर खानदेशाचेच. मुघलांच्या खानदेश सुभ्याचे ते ठाणे. मुमताज महल 1631 साली तिथेच वारली. तिथली काळसर, जाड, खव्याची जिलेबी मुंबईच्या या रस्त्यांवर 'बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी' म्हणून गावच्या नावासकट विकली जाते. अलीकडे आखातातून परतलेल्यांनी नवी भर घातली आहे. भल्या मोठ्या तबकात भात आणि अख्खे भाजलेले मांस म्हणजे मंदी, शिवाय शवर्मा आणि कुनाफा. उद्या कोणीतरी त्यांनाही 'मुघलाई' म्हणेल.

आणि मुघल? गंमत अशी की जुन्या मुंबईत 'मुघल' म्हणत ते इराणी व्यापाऱ्यांना. भेंडी बाजाराजवळची निळ्या फरशांची मुघल मशीद दिल्लीच्या बादशहांची नव्हे. ती 1860 साली शिराजहून आलेल्या एका व्यापाऱ्याने बांधली. म्हणजे या मोहल्ल्याला मुघल मिळाले तेही इराणहून, आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या इराण्यांनी शहराला दिला तो चहा आणि ब्रुन-मस्का. बाकी हिशेब असाच गुंतागुंतीचा. समोसा मध्य आशियातून आला, त्यातला बटाटा पोर्तुगीजांबरोबर. खिमा-पाव घ्या. पाव पोर्तुगीजांचा, मुंबईत तो भाजला गोव्याच्या पाववाल्यांनी. खिम्याचे नाव तुर्की-फारसी. वरची मिरची अमेरिका खंडातून आलेली. मालपुव्याचा पूर्वज म्हणून तर वैदिक काळातल्या 'अपूपा'कडे बोट दाखवले जाते, आणि उत्तरेत होळीला तो हिंदूंच्या घरी होतो. एकाच कढईतून निघालेला मालपुवा होळीला एक ओळख घेतो आणि रमजानला दुसरी. कढईला त्याचे काही वाटत नाही.

कोकणी माणूस कुठे आहे?

या सगळ्या यादीत एक समाज सहसा नसतो, कारण तो बाहेरून आलेला नाही. कोकणी मुसलमान मुंबईच्या बेटांवर या सगळ्यांच्या आधीपासून आहेत. नाखवा, तांडेल, जहाजमालक, व्यापारी असा त्यांचा इतिहास. क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद 1802 साली पुरी झाली, ती त्यांची. महंमद अली रोडवरून जाणाऱ्या अडीच किलोमीटरच्या उड्डाणपुलाला नाव आहे कुत्ब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे. 14व्या-15व्या शतकात माहीमला होऊन गेलेले हे विद्वान संत. पण पुलाखालच्या दुकानांच्या पाट्यांवर कोकण शोधून सापडत नाही. तांदळाची भाकरी, नारळाच्या दुधातले घावन, पापलेटाचे कालवण, सांदणे या सगळ्यांना त्या रस्त्यावर 'रमजान स्पेशल'चा मान नाही.

त्याला एक अपवाद आहे आणि तो बोलका आहे. मिनारा मशिदीच्या गल्लीत तांदळाचा वाफवलेला, मऊ, गोडसर, वर मलई घातलेला एक पदार्थ 'संदल' नावाने मिळतो. रत्नागिरी-रायगडच्या वाचकाने तो हातात घेतला तर त्याला वेगळे सांगावे लागणार नाही. हे आपले सांदणच आहे, फक्त मलईचा फेटा बांधलेले. आंब्याच्या रसातले सांदण ज्या घरात होते त्या हिंदू कोकणी घरालाही हा पदार्थ परका नाही. पाच-सहा पिढ्यांपूर्वी आलेले पदार्थ आणि मुळातले पदार्थ एकाच पाटीवर येऊन बसले आहेत. आता यातला स्थानिक कोण आणि उपरा कोण, हे जिभेला विचारून ठरत नाही.

मराठी वाचकाने हे लक्षात घ्यायला हवे ते एवढ्यासाठी की महाराष्ट्रातल्या मुस्लिम खाण्याचा विचार 'बिर्याणी आणि कबाब' या दोन शब्दांत संपवायची सवय लागली आहे. औरंगाबादचा नान-खलिया, कोकणाचे सांदण, खानदेश-बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी, या सगळ्यांच्या मागे वेगवेगळी माती, वेगवेगळे पीक आणि वेगवेगळी बोली आहे. 'मुस्लिम खाणे' नावाचा एकच पदार्थ नाही, जसा 'मुसलमान' नावाचा एकच माणूस नाही.

एका बाकावर

या वस्तीची फार गोड गोड वर्णनेही करू नयेत. इथे मोहल्ले जमातींचे आहेत. मशिदी वेगळ्या, दफनभूमी वेगळ्या, जमातखाने वेगळे, सोयरिकी तर वेगळ्याच. बोहऱ्यांच्या घरी जमातीच्या सामुदायिक स्वयंपाकघरातून डबा येतो. तो शेजारच्या मेमन घरात जात नाही. खिचडा आणि हलीम यांतला श्रेष्ठ कोणता यावर जो वाद होतो, त्यात चवीइतकाच जमातीचा अभिमान असतो. हैदराबादी हलीमला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हापासून मुंबईच्या खिचड्याची बाजू घेणारे आणखी हिरिरीने बोलतात.

पण मगरीबची अजान झाली की रस्त्यावरच्या बाकांवर हे सगळे भेद थोडे बाजूला सरकतात. अनोळखी माणूस अनोळखी माणसापुढे खजूर सरकवतो. शिया-सुन्नी, बोहरी-कोकणी, आझमगडी-मलबारी असे कोणी विचारत नाही. तरावीह आटोपली की लालबाग-परळची पोरे येतात, गिरगावातली कुटुंबे येतात, मांस न खाणारे गुजराती शेजारी फिरनीच्या मातीच्या वाट्या आणि सुतरफेणीचे पुडे घेऊन जातात. ज्या शहरात आडनाव ऐकून भाड्याचे घर नाकारले जाते, तिथे रात्री अकरा वाजता एका बाकावर सहा आडनावे दाटीवाटीने बसलेली असतात. हे पुरेसे नाही. एकत्र खाल्ल्याने एकत्र राहणे आपोआप येत नाही. तरी जिथे अजून एका बाकावर बसता येते अशा जागा शहरात किती उरल्या, हे मोजले की या रस्त्याची किंमत कळते.

कढईमागचा माणूस

आता प्रश्न येतो कढईमागे उभ्या माणसाचा. मालकाच्या आजोबांचे छायाचित्र गल्ल्यामागे लावलेले असते आणि त्यांच्या प्रवासाची कथा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितली जाते. शिगा फिरवणारा, मैदा मळणारा, भांडी घासणारा मात्र सहसा आजचा स्थलांतरित असतो. उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, झारखंडातल्या गावांतून आलेला. रमजानच्या महिन्यात दिवसभर रोजा धरून दुपारी दोनपासून भट्टीसमोर उभे राहणे, इफ्तारला दोन खजूर आणि पाणी घेऊन पुन्हा भट्टीशी जाणे आणि सहरीपर्यंत गिऱ्हाईक सांभाळणे, हे त्याचे वेळापत्रक. ज्या मालपुव्याचे छायाचित्र हजारोंनी पाहिलेले असते, तो तळणाऱ्या हाताचे नाव कोणालाच माहीत नसते.

तो झोपतो कुठे? दुकानाच्या माळ्यावर, नाहीतर एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने. जेवतो कुठे? दिवसा दुसऱ्यांसाठी कबाब करणारा हा माणूस स्वतः जेवतो बिस्सीत. बिस्सी म्हणजे या भागातली कामगारांची खाणावळ. अनेकदा एखादी बाई आपल्याच घरात ती चालवते. महिन्याचे पैसे ठरलेले, दोन वेळची डाळ-भात-रोटी, आठवड्यातून एक-दोनदा गोश्त. या बायकांच्या स्वयंपाकाला ना पाटी आहे ना परवाना, आणि खाद्यसफरींच्या नकाशावर तर त्यांचा ठिपकाही नाही. पण रस्त्यावरची सगळी झगमग त्यांच्या डाळभातावर उभी आहे. मुंबईच्या गिरण्यांना घाटावरच्या आणि कोकणातल्या बायकांच्या खाणावळींनी जगवले, हे मराठी वाचकाला माहीत आहे. बिस्सी ही त्याच खाणावळीची धाकटी बहीण.

2020 साली हे सगळे उघडे पडले. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली आणि एप्रिलच्या अखेरीस रमजान सुरू झाला. रस्ता रिकामा होता. दिवे नाहीत, कढया नाहीत. मालक घरात होते, कारागीर मिळेल त्या वाहनाने आणि ते नाही मिळाले तर पायी गावाकडे निघाले होते. शहराच्या चवीचा मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या दोन महिन्यांनी दिले. पाककृती मालकाच्या तिजोरीत असू शकते, पण ती गावाकडे चालत गेली तेव्हा कारागिराच्या हातातूनच गेली.

जागेचा प्रश्न

या वस्तीवर सध्या जो बदल येतो आहे त्याकडे भाबडेपणाने पाहून चालणार नाही. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि 33 माणसे मेली. शंभरी ओलांडलेल्या, टेकू लावलेल्या इमारतींत राहणाऱ्यांना 'जुन्या मुंबईची शान' असले शब्द ऐकवणे क्रूरपणाचे आहे. भेंडी बाजाराचा समूह पुनर्विकास, साडेसोळा एकरांवरच्या सुमारे अडीचशे इमारती, तीन हजारांहून अधिक कुटुंबे आणि बाराशेवर दुकाने, ही गरज होती. पक्के घर, स्वतःचे संडास-न्हाणीघर आणि लिफ्ट मिळणाऱ्या म्हाताऱ्या बाईला कबाबाच्या धुराची आठवण येत नाही म्हणून तिला दोष देता येणार नाही.

पण पुनर्विकासाचा हिशेब भाडेकरूच्या कागदाने होतो. ज्याच्याकडे पागडीची पावती आहे त्याला गाळा मिळतो. ज्याच्याकडे ती नाही, म्हणजे माळ्यावर झोपणारा कारागीर, घरात बिस्सी चालवणारी पोटभाडेकरू बाई, रमजानपुरता ठेला लावणारा फेरीवाला, तो हिशेबातच येत नाही. या खाण्याला स्वस्त ठेवले ते 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने आणि त्याभोवती वाढलेल्या पागडीच्या पद्धतीने. नाममात्र भाड्याच्या दोनशे फुटांच्या गाळ्यात बारा हंड्या मावल्या. उंच इमारतीच्या तळमजल्यावरच्या देखभाल-खर्चात त्या मावतील का? मावल्या तरी त्यांतला रस्सा विणकराला परवडेल का? इमारत नवी व्हावी आणि माणूस जुनाच राहावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण ती लिहून घ्यावी लागते, आपोआप पुरी होत नाही.

रस्त्यावरच्यांसाठी कायदा आहे. 2014चा पथविक्रेता कायदा सांगतो की विक्रेते आणि गिऱ्हाईक जिथे परंपरेने एकत्र येतात तो 'नैसर्गिक बाजार' ओळखावा आणि नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान 40 टक्के असावेत. पन्नासहून अधिक वर्षे चाललेल्या नैसर्गिक बाजाराला वारसा बाजार म्हणून जाहीर करावे आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्या कायद्यात आहे. मिनारा मशिदीच्या गल्लीतला रमजान बाजार या व्याख्येत बसत नसेल, तर या शहरात दुसरे काय बसेल? तरीही दरवर्षी तोच खेळ होतो. महिना सुरू होताना तोंडी परवानगी, मध्येच गाडी, ठेले उचलणे, दंड, पुन्हा तोंडी परवानगी. हक्काने मिळायची जागा मेहरबानीने मिळते, आणि मेहरबानीची किंमत कुठे ना कुठे मोजावी लागते.

तक्रारी खऱ्याही आहेत

या बाजाराविरुद्धच्या तक्रारी केवळ द्वेषातून येतात असे समजणे चूक ठरेल. पहिली तक्रार खुद्द मोहल्ल्यातल्या रहिवाशांची असते. रात्री बारा वाजता आजाऱ्याला जे. जे. रुग्णालयात न्यायचे तर गर्दीतून वाट मिळत नाही. सकाळी गल्लीत थर्मोकोलच्या ताटल्यांचा खच पडलेला असतो. तरावीह चालू असताना हॉटेलवाल्यांचे पुकारे थांबत नाहीत. रमजान हा सबुरीचा महिना. त्यात मध्यरात्रीनंतर अर्धी खाल्लेली ताटे कचऱ्यात जाणे हे कोणत्याच हदीसच्या आधाराने समर्थनीय नाही. बोहरा समाजात ताटातला एकही दाणा वाया जाऊ नये म्हणून देखरेख करणारी 'दाणा कमिटी' असते. ही शिकवण त्याच मोहल्ल्यात घरातून रस्त्यापर्यंत येऊ नये, हे आश्चर्य आहे.

दुसरी तक्रार 'परप्रांतीयां'ची. तिचे उत्तर शिव्याशापांनी देण्यात अर्थ नाही. नोकरीच्या आणि जागेच्या टंचाईत स्थानिकाला असुरक्षित वाटणे समजू शकते. पण मग हिशेब सरळ मांडावा. उत्तरेचा कारागीर स्वस्तात मिळतो, कारण त्याला ना नोंदणी आहे, ना ठरलेले तास, ना राहायला खोली. त्याला कायद्याप्रमाणे मजुरी आणि सुट्टी मिळाली, तर त्याला वापरून स्थानिकाची मजुरी पाडण्याचा मोहही संपेल. मालक मुसलमान, कारागीरही मुसलमान, महिनाही बरकतीचा. मग मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी देण्याची शिकवण कोणत्या महिन्यासाठी राखून ठेवायची?

काय करता येईल

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यात अशक्य काही नाही. महापालिकेने रमजान बाजाराची नैसर्गिक बाजार म्हणून नोंद करावी, ठेल्यांची आखणी आणि रुग्णवाहिकेची मोकळी वाट रंगाने रस्त्यावर ओढावी, महिन्याचा परवाना पैसे भरून पावतीसकट द्यावा. पुनर्विकासात छोट्या खाद्यगाळ्यांचा वेगळा, परवडणाऱ्या भाड्याचा वाटा ठेवावा. कामगारांसाठी खोल्या आणि बिस्सीसाठी सामायिक स्वयंपाकघर आराखड्यातच असावे. मालकांच्या संघटनांनी कारागिरांची नोंद करावी. जमातींनी इफ्तारच्या मोठमोठ्या दावतींवरचा थोडा खर्च या मजुरांच्या खोल्यांकडे वळवला, तर त्याचा सवाब कमी होणार नाही.

बचत गटांतल्या कोकणी बायकांना याच बाजारात चार ठेले मिळाले, तर सांदण, घावन आणि तांदळाची भाकरी स्वतःच्या नावाने परत येतील. त्यासाठी कोणाचा मालपुवा हटवण्याची गरज नाही. आजवर या रस्त्यावर कोणताही पदार्थ दुसऱ्याला हुसकून आलेला नाही. प्रत्येकाने बाकावर थोडे सरकून जागा केली आहे.

आणि खाणाऱ्यांनीही एक गोष्ट करावी. मोबाइल वर धरण्याआधी समोरच्या माणसाला त्याचे गाव विचारावे. तो मऊ सांगेल, दरभंगा सांगेल, मालदा सांगेल, एखादी बाई चिपळूण सांगेल. मग त्या पदार्थाला 'मुघलाई' म्हणायची जीभ होणार नाही. ईदचा चाँद दिसला की दिवे उतरतील, ठेले उठतील आणि हीच माणसे पुढच्या कामाच्या शोधात शहरभर पांगतील. तेव्हाही ती याच शहराची असतील. त्यांना राहायला खोली, कामाची नोंद आणि उभे राहायला हक्काची जागा मिळाली, तरच पुढच्या रमजानला कढई पेटलेली दिसेल.